मोबी डिक : प्रतीकयोजना

मोबी डिक : हर्मन मेल्व्हिल (१८१९–९१) ह्या अमेरिकन साहित्यिकाची, प्रतीकात्मतेमुळे विशेष चर्चिली गेलेली कादंबरी. ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडन येथे द व्हेल ह्या नावाने व पुढील महिन्यात न्यूयॉर्क येथे मोबी डिक ह्या नावाने ती प्रसिद्ध झाली. आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशाचा सूड घेण्याच्या ध्यासाने कप्तान एहॅब हा पीक्वॉड हे जहाज आणि त्यावरील खलाशी ह्यांचा नाश ओढवून घेतो. कथा सांगण्यासाठी एकटा इश्मेल उरतो.

देवमासा म्हणजे ईश्वर, नियती, निसर्ग अथवा मूर्तिमंत पाप, अशी समीकरणे वेळोवेळी मांडली गेली आहेत. डी. एच्. लॉरेन्सने (१९२३) तर त्यात गोऱ्या वंशाचे खोलवरचे रक्तगत अस्तित्व पाहिले. तथापि देवमाशास एकच अर्थ चिकटविणे ही मुळात एहॅबचीच चूक होय. दृश्य वस्तू म्हणजे केवळ मुखवटे, त्यांमागे कोणी द्वेष्टी शक्ती दडलेली आहे, अशी त्याची खात्री आहे. मुक्या जनावरावर सूड उगवणे हे पाखंड होय, हा स्टारबकचा आक्षेप तो झिडकारतो. त्याच्या ह्या अर्थनिश्चितीची किंमत सर्व खलाशांना मोजावी लागते.

मेल्व्हिलची स्वतःची भूमिका डोलकाठीवर ठोकलेल्या सुवर्णनाण्याच्या प्रकरणात सर्वांत स्पष्टपणे व्यक्त झाली आहे. एक्वादोरच्या ह्या नाण्यावर तीन पर्वतशिखरे असून त्यांवर ज्वाला, मनोरा आणि आरवणारा कोंबडा कोरलेला आहे. एहॅबला तिन्हींत स्वतःचेच रूप दिसते, तर श्रद्धाळू स्टारबकला ख्रिस्ती त्रैक्य. फ्लास्कला त्यात १६ डॉलर आणि त्यांतून येणाऱ्या ९६० सिगार दिसतात (दोन सेंटला एक ह्या दराने त्या ८०० भराव्यात). वेडसर पिप मात्र ‘पाहणे’ ह्या क्रियापदाची रूपे चालवीत राहतो. नाणे एकच, पाहणारे निराळे. पिपचे हे व्याकरण अनेक विद्वत्तापूर्ण भाष्यांहून मार्मिक आहे.

पांढऱ्या रंगावरील प्रकरणातही हीच दृष्टी आढळते. पावित्र्य सुचविणारा हा रंग ध्रुवीय अस्वलाच्या ठायी भीषण ठरतो. तो सर्व रंगांचा अभाव आहे की संयोग, हा प्रश्न इश्मेल अनुत्तरित ठेवतो. देवमाशांचे वर्गीकरण, त्यांची चरबी कढविण्याची रीत इ. तपशील अनेक वाचकांना कंटाळवाणे वाटतात. परंतु त्यांच्यामुळेच देवमासा निव्वळ रूपक न होता खराखुरा प्राणी राहतो. १८४१ मध्ये मेल्व्हिल स्वतः देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला होता.

क्वीक्वेगची शवपेटी हे कादंबरीतील सर्वांत समर्थ प्रतीक म्हणावे लागेल. आपल्या अंगावरील गोंदणाची चिन्हे तो तिच्यावर कोरतो. त्या चिन्हांत विश्वाचे रहस्य असल्याचे सांगितले आहे, पण ती त्याला स्वतःलाही वाचता येत नाहीत. पुढे तीच पेटी बुडणाऱ्यास तारण्याचे साधन म्हणून जहाजावर टांगली जाते व अखेर इश्मेल तिच्याच आधाराने वाचतो. लंडनच्या आवृत्तीत हा उपसंहार नव्हता. त्यामुळे सर्वच बुडाले, तर ही कथा सांगितली कोणी, असे तेथील काही परीक्षकांनी विचारले.