बनावट आणि वाद : अंकीय स्वाक्षरीच्या एका व्याख्येचे परीक्षण

शफी गोल्डवासर, सिल्वियो मिकाली आणि रोनाल्ड रिव्हेस्ट यांचा अंकीय स्वाक्षरीवरील निबंध १९८८ साली ‘सियाम जर्नल ऑन कॉम्प्युटिंग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यास आता तीन तपे उलटून गेली. या अवधीत स्वाक्षरीच्या अनेक पद्धती आल्या आणि गेल्या. परंतु एखादी पद्धत ‘सुरक्षित’ आहे म्हणजे काय, या प्रश्नाचे निबंधाने दिलेले उत्तर गूढलेखनशास्त्रात आजही प्रमाण मानले जाते. अशा व्याख्येचे परीक्षण करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. ती जे सांगते ते यथार्थ आहे काय, हा पहिला. आणि व्यवहारात स्वाक्षरीकडून जी अपेक्षा असते ती सर्व तीत सामावते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. दुसऱ्याचे तसे नाही.

निबंधाची थोरवी कळण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती ध्यानी घ्यावयास हवी. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांच्या १९७८ च्या पद्धतीच्या साध्या रूपात दोन स्वाक्षऱ्यांचा गुणाकार ही त्या दोन संदेशांच्या गुणाकारावरील वैध स्वाक्षरी ठरते. मायकेल राबिन यांनी १९७९ साली सुचविलेल्या मार्गाने गेल्यास संदेशाचे, ‘न’ या संयुक्त संख्येच्या मापांकानुसार काढलेले, वर्गमूळ हीच स्वाक्षरी होय. अशी वर्गमुळे काढणे हे ‘न’चे अवयव पाडण्याइतकेच कठीण आहे, हे सिद्ध करता येते. पण ज्या युक्तीने ही सिद्धता साधते तीच युक्ती साध्या रूपातील पद्धतीच्या मुळावर येते. प्रतिपक्ष्याने ‘क्ष’ ही संख्या मनाशी धरावी आणि तिचा वर्ग संदेश म्हणून स्वाक्षरीसाठी पुढे करावा. परत आलेले वर्गमूळ ‘य’ हे क्ष किंवा उणे क्ष यांहून भिन्न असण्याचा संभव निम्मा असतो; आणि तसे झाले की क्ष − य व न यांचा महत्तम साधारण विभाजक काढताच अवयव हाती येतात. यावरून सिद्धता आणि अशा हल्ल्यापुढे टिकाव या दोन गोष्टी एकत्र नांदणेच अशक्य, असे वाटू लागले होते.

हा विरोध केवळ भासमान आहे, हे या तिघांनी दाखवून दिले. त्यांच्या व्याख्येनुसार प्रतिपक्ष्यास आपल्या पसंतीच्या संदेशांवर स्वाक्षऱ्या मिळविता येतात. प्रत्येक नवा संदेश आधीची उत्तरे पाहून ठरविता येतो. आणि एवढी मोकळीक असूनही एका तरी नव्या संदेशावर, मग तो निरर्थक का असेना, त्यास वैध स्वाक्षरी तयार करता येऊ नये. प्रतिपक्ष्यास अधिकात अधिक सामर्थ्य द्यावयाचे आणि त्याचे अल्पात अल्प यशही पराभव मानावयाचे, हा या व्याख्येचा कणा होय. ती पूर्ण करणारी त्यांची वृक्षाकार रचना मात्र स्वाक्षरी करणाऱ्यास पूर्वीच्या स्वाक्षऱ्या स्मरणात ठेवावयास लावते. हे ओझे कसे उतरवावे, हे ओडेड गोल्डराइख यांनी १९८६ मध्येच सुचविले. तो दोष रचनेचा आहे, व्याख्येचा नव्हे.

व्याख्येची मर्यादा अन्यत्र आहे. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली अंकीय स्वाक्षरीची गरज प्रतिपादिली तेव्हा त्यांनी एक भेद स्पष्टपणे केला होता : तिऱ्हाइताची बनावट रोखणे निराळे आणि पाठविणारा व घेणारा यांच्यातील वाद मिटविणे निराळे. जुन्या साधनांनी पहिले साधत होते. दुसऱ्यासाठी स्वाक्षरी हवी होती. १९८८ च्या व्याख्येत किल्ल्यांची जोडी विहित रीतीनेच तयार होते, असे गृहीत आहे. प्रतिपक्षी नेहमी बाहेरचा. स्वाक्षरी करणारा स्वतः लबाड निघाल्यास काय, हा प्रश्न तीत विचारलाच जात नाही.

हा आक्षेप काल्पनिक नाही. इलिप्टिक वक्रांवर आधारलेल्या ‘ईसीडीएसए’ या बहुप्रचलित पद्धतीत स्वाक्षरीचा एक घटक वक्रावरील बिंदूच्या क्ष-निर्देशकापासून मिळतो. आणि कोणताही बिंदू व त्याचा ऋण बिंदू यांचा क्ष-निर्देशक एकच असतो. जॅक श्टर्न, डेव्हिड पॉइंतशेव्हाल, जॉन मॅलोन-ली आणि नायजेल स्मार्ट यांनी २००२ साली या साम्याचा परिणाम दाखविला : स्वाक्षरी करणाऱ्याने दोन संदेश आधी ठरवून त्यांना अनुरूप अशी गुप्त किल्ली निवडल्यास एकच स्वाक्षरी दोन्ही संदेशांवर वैध ठरते. दोन्ही संदेश उजेडात आले की ती गुप्त किल्ली कोणासही काढता येते, हे खरे. पण तोवर करार कोणत्या मजकुराचा, हा वाद उभा राहिलेला असतो. तत्पूर्वी १९९९ मध्ये सायमन ब्लेक-विल्सन आणि आल्फ्रेड मेनेझिस यांनी दुसरी उणीव निदर्शनास आणली होती. काही पद्धतींत परक्याची स्वाक्षरी जशीच्या तशी घेऊन, ती आपलीच ठरेल अशी नवी किल्ली बनविता येते. बनावट न करताही मालकी बदलते!

यावर असे म्हटले जाईल की, व्याख्येने जे वचन दिलेच नाही त्याबद्दल तिला दोष का द्यावा? हे म्हणणे तर्काला धरून आहे. परंतु भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता दिली, ती तिऱ्हाइताच्या भयापुरती नव्हे. दोन पक्षांतील दस्तऐवजासाठी दिली. तेथे ‘सिद्ध सुरक्षितता’ हे शब्द ऐकणारा त्यांतून वादनिवारणाचेही अभिवचन घेतो. उपायही दूरचा नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये स्वीकारलेल्या ‘एमएल-डीएसए’ या पद्धतीत सार्वजनिक किल्लीचा हॅश संदेशाबरोबर गुंफूनच स्वाक्षरी केली जाते. त्यामुळे स्वाक्षरी विशिष्ट किल्लीशी बांधली जाते.

तात्पर्य, १९८८ च्या निबंधाने एका प्रश्नाचे उत्तर इतके चोख दिले की तोच एकमेव प्रश्न होय, असा समज रूढ झाला. त्याचा खरा गौरव ती व्याख्या पाठ करण्यात नाही. ज्या काटेकोरपणे तिने बनावटीचा विचार केला त्याच काटेकोरपणे वादाचा विचार करणे, हाच तो गौरव होय.