प्रयोगाचा परवाना आणि लोकनाट्याचा घाट : अण्णाभाऊ साठे यांच्या शाहिरीसंदर्भात

प्रस्तुत लेखात अण्णाभाऊ साठे यांच्या लोकनाट्यांचा एका मर्यादित अंगाने विचार करावयाचा आहे. तमाशाचे लोकनाट्यात झालेले रूपांतर मराठी समीक्षेने बहुधा ‘परिष्करण’ किंवा ‘प्रबोधन’ या संज्ञांनी समजावून घेतले. या संज्ञा चुकीच्या नाहीत, अपुऱ्या आहेत. प्रयोगावर शासनाचे नियंत्रण आले की कलावंताच्या उपजीविकेबरोबर कलाप्रकाराचा घाटही बदलतो, ही बाब त्यांत हरवते.

1944 मध्ये अमर शेख, अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. मुंबईचा गिरणी कामगार हा त्याचा श्रोता. अण्णाभाऊंनी गणातील गणेशस्तवनाच्या जागी मातृभूमीला व श्रमिकांना वंदन आणले, कृष्ण-गोपींची गवळण गाळली, वगातील राजाच्या जागी सावकार व मालक उभे केले. पुढे स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. त्या वेळी गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. कारण अश्लीलतेचे दिले गेले. पण ज्या कलापथकाने शृंगारिक गवळण स्वतःहून वगळली होती, त्याच्याही कार्यक्रमांवर बंदी आली. तेव्हा अश्लीलतेचा आक्षेप हा नियंत्रणाचा केवळ एक पदर होता, हे उघड आहे. अण्णाभाऊंचे बदल बंदीपूर्वीचे असल्याने बंदीला त्यांचे एकमेव कारण मानता येणार नाही. मात्र ‘तमाशा’ हे नाव मागे पडून ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ होण्यात बंदीचा वाटा होता, ही परंपरेने सांगितली जाणारी हकीकत दुर्लक्षणीय नाही.

बंदी सैल झाली ती संहिता आधी मंजूर करून घेण्याच्या अटीवर. 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमाने सार्वजनिक करमणुकीच्या परवान्यांबाबत नियम करण्याचे अधिकार पोलिसांना दिले, आणि पुढे प्रयोगांच्या पूर्वपरीक्षणाचे काम रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आले. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. नाटककाराकडे संहिता असतेच. ती सादर करणे हा त्याला फार तर अपमान वाटेल. बतावणीचे तसे नाही. सोंगाड्याचा विनोद समोरच्या श्रोत्यावर, त्या दिवशीच्या गावातल्या घटनेवर उभा राहतो. तो आधी लिहून द्या म्हणणे म्हणजे तो करू नका म्हणणेच होय. कात्री एकही ओळ न कापता कलेचा प्राण घेऊ शकते, ते असे.

या अटीविरुद्ध झगडण्याची साधनेही सर्वांना सारखी नव्हती. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर आक्षेप आले, तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि पुढे ‘बाइंडरचे दिवस’ लिहून त्यांनी तो लढा नोंदवून ठेवला. आणीबाणीत, 1976 मध्ये, आकाशवाणी व दूरदर्शनने किशोरकुमार यांची गाणी बंद केली. शासकीय प्रचारकार्यात सहकार्य नाकारल्याची ती शिक्षा होती. पण चित्रपटगृहे होती, त्यांचा व्यवसाय टिकला. शाहिराजवळ ना वकील, ना ध्वनिमुद्रिका. मैदानावरची परवानगी नाकारली की त्याचे सारेच माध्यम बंद होते.

अन्य देशांतील एक उदाहरण येथे उद्‌बोधक ठरेल. अण्णाभाऊ 1961 मध्ये सोव्हिएत संघात जाऊन आले. त्याचाच एक भाग असलेल्या उझबेकिस्तानात, स्वातंत्र्यानंतर, गायकांना ‘उझबेकनवो’ या शासकीय संस्थेचा परवाना घ्यावा लागे. तेथे गायकाची मोठी मिळकत लग्नसमारंभांतून येते, त्यामुळे परवाना गेला की पोटावर गदा. शेराली जुराएव यांच्यासारखा लोकप्रिय गायक वर्षानुवर्षे दूरचित्रवाणीपासून दूर ठेवला गेला. 2005 च्या आंदिजान गोळीबारावर गीत रचणारे दादाखान हसनोव यांना 2006 मध्ये स्थगित शिक्षा झाली. 2013 मध्ये तर काही गायकांचे परवाने गाणी ‘अर्थहीन’ आहेत म्हणून रद्द झाले. (अर्थाचा निर्णय कार्यालयात होतो, ही कल्पना आपणांस परकी वाटू नये.) 2017 मध्ये त्या संस्थेची जागा ‘उझबेककॉन्सर्ट’ने घेतली. महाराष्ट्रातील परिस्थिती इतकी कठोर नव्हती आणि न्यायालयांचा आधार येथे होता, हा फरक मोठा आहे. साम्य आहे ते शासन एकाच वेळी आश्रयदाता व परवानाधिकारी असण्यात.

अण्णाभाऊंच्या बाबतीत हे दुहेरीपण स्पष्ट दिसते. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्यांनी लिहिलेल्या ‘फकिरा’स 1961 मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, 2002 मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले. गौरव झाला तो प्रामुख्याने कादंबरीकाराचा. आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांनीही बहुतेक तीच वाट धरली. ‘माझी मैना’ ही छक्कड आपण वर्गात कविता म्हणून शिकवितो, वृत्त व प्रतिमा पाहतो. डफ, झीलकरी आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभेतील जमाव यांचा उल्लेख प्रास्ताविकात उरकतो. परवान्याने प्रयोगाला संहितेत कोंडले, आणि आपण अध्यापकांनी ती संहिताच पूर्ण कृती मानली.

हे बदलावयाचे तर लोकनाट्याच्या अभ्यासपत्रिकेत प्रयोगाच्या परवान्यांचा इतिहास हा घटक यावयास हवा. तसेच पोलीस खात्याकडे व परिनिरीक्षण मंडळाकडे वेळोवेळी सादर झालेल्या वगांच्या संहिता, जेथे जतन झाल्या असतील तेथून, त्यांवरील खाडाखोडीसह संशोधकांनी मागवून पाहाव्यात.