कुलवृत्तांतात पणजी कुठे आहे?

सिंगापूरमध्ये राहत असाल तर मॅगझिन रोडवरचं टॅन सी चोंग सू हे देऊळ एकदा बघून या. १८७६ ते १८७८ या काळात ते उभं राहिलं, टॅन किम चिंग आणि टॅन बेंग स्वी यांच्या पुढाकाराने. पहिल्यांचे वडील टॅन टॉक सेंग. त्यांच्या नावाचं हॉस्पिटल तुम्हाला माहीत असेलच. दुसऱ्यांचे वडील टॅन किम सेंग. घरं दोन, आडनाव एक. परक्या मुलखात एकमेकांचं म्हणायला तेवढं पुरलं.

आपल्याकडे एका आडनावाची माणसं एकत्र आणायचं काम कुलवृत्तांतांनी केलं. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोणती शाखा कोकणातून घाटावर कुठे गेली, हे सगळं त्यांत सापडतं. घरोघरी पत्रं पाठवून, जुनी कागदपत्रं चाळून ही माहिती जमवणाऱ्यांचे कष्ट खरंच मोठे आहेत. तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत असेल तर जरूर वाचा. फक्त आडनाव जुळलं की नातं जुळलं, असं समजू नका.

कुलकर्णी, देशपांडे, पाटील हे मुळात हुद्दे. पाटील तर गावोगावी होते, त्यामुळे ऑफिसमधला दुसरा पाटील तुमचा भाऊबंद असेलच असं नाही. ‘कर’ लावलेलं आडनाव गाव सांगतं, रक्त नाही. बेने इस्रायलींचा इतिहास लिहिणारे केहीमकर ज्यू होते आणि त्यांचं आडनाव अलिबागजवळच्या किहीमवरून आलेलं. शिवाय आडनावं बदलतात. मंगेशकर हे नाव दीनानाथांनी मंगेशी गावावरून घेतलं. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. नुसतं आजचं आडनाव धरून मागे गेलात, तर अशा ठिकाणी वाट संपते.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. कुलवृत्तांतातली रेघ बापाकडून मुलाकडे जाते. मुलगी लग्नापाशी थांबते. सून येते ती बऱ्याचदा बदललेल्या नावाने. काही ग्रंथ तिचं माहेर नोंदवतात, हे मान्य; पण त्या माहेराचा माग पुढे कोणी काढत नाही. हिशोब करून बघा: आईबाबा २, आजी-आजोबा ४, त्यांचे आईवडील ८, त्याही मागे १६. त्या सोळांपैकी तुमचं आडनाव ज्याच्याकडून आलं तो एकच. उरलेले पंधराही तुमचेच आहेत.

आपलं मधलं नाव खरं तर आडनावापेक्षा कामाचं, कारण ते नेमकी एक पिढी सांगतं. पण तीही वडिलांचीच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लावायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पुढच्या पिढ्यांना त्याचा उपयोग होईल. तुमच्या पणजीसाठी तुम्हालाच विचारावं लागेल.

तेव्हा रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा आजीला तीन गोष्टी विचारा: तिचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, माहेरचं गाव आणि तिच्या आईचं माहेर. सांगेल ते तारखेसकट लिहून ठेवा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडच्या वह्या पुढच्या सुट्टीतही बघता येतील. आजीला आधी विचारा.