वन्यप्राण्यांच्या रोगांवरील संशोधन : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका नायगाव मयूर अभयारण्यासाठी ओळखला जातो. १९९४ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे ३० चौरस किलोमीटर क्षेत्राचे असून मोरांसाठी राखलेल्या मोजक्या क्षेत्रांपैकी ते एक होय. जानेवारी २०२१ मध्ये याच तालुक्यातील मुगगाव येथे कावळे मृतावस्थेत आढळले. त्याच सुमारास शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या मोठ्या संख्येने दगावल्या. तपासणीअंती दोन्ही ठिकाणी बर्ड फ्लूचे निदान झाले. मोर आणि कोंबडी हे एकाच पक्षिकुलातील पक्षी होत. त्यामुळे मुगगावच्या घटनेने कुक्कुटपालनाइतकाच अभयारण्याचाही प्रश्न उपस्थित केला होता. प्रत्यक्षात चर्चा झाली ती प्रामुख्याने कोंबडी आणि अंडी यांची. वन्यप्राण्यांच्या रोगांवरील संशोधन कोणते प्रश्न विचारते आणि कोणते टाळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निदान आणि संशोधन

मृत पक्ष्यांचे नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तेथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. ही व्यवस्था आवश्यकच आहे. इतका घातक विषाणू साध्या प्रयोगशाळेत हाताळता येत नाही. बाधित कुक्कुटपालन केंद्राभोवती १ किलोमीटरचे बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटरपर्यंतचे निगराणी क्षेत्र ठरविले जाते. कोंबड्यांच्या बाबतीत ही पद्धत सुस्पष्ट व परिणामकारक आहे.

वन्य पक्ष्यांच्या बाबतीत मात्र तिच्या मर्यादा उघड होतात. प्रयोगशाळा 'विषाणू कोणता?' या प्रश्नाचे उत्तर देते. एकूण किती पक्षी मेले, आजारी होऊन किती वाचले, कावळ्यांना संसर्ग कोठून झाला, परिसरातील अन्य पक्ष्यांचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे नमुन्याच्या बाटलीत नसतात. ती शिवारात शोधावी लागतात. कोंबड्यांची संख्या आधीच ठाऊक असते, म्हणून मृत्यूचे प्रमाण काढता येते. कावळ्यांची मूळ संख्याच नोंदलेली नसेल तर मेलेल्यांच्या आकड्याला अर्थ प्राप्त होत नाही. निदानाला संशोधन समजण्याची गल्लत येथे होते.

गिधाडांचा धडा

या संदर्भात गिधाडांचे उदाहरण उद्बोधक ठरते. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडांची संख्या झपाट्याने घटली; काही प्रजातींमध्ये ही घट ९५ टक्क्यांहून अधिक होती. विभू प्रकाश यांनी राजस्थानातील केवलादेव येथे ही घट नोंदविली. ती लक्षात आली, कारण तेथील पूर्वीच्या नोंदी उपलब्ध होत्या. प्रारंभी संसर्गजन्य रोगाचा संशय बळावला होता. लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेले संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध या मृत्यूंमागे असल्याचे निष्पन्न झाले.

या संशोधनाचे बळ त्याच्या तुलनेत आहे. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत औषधाचा अंश आढळला. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही तो आढळला नाही. केवळ पहिला गट तपासला असता तर निष्कर्ष कच्चा राहिला असता. भारतात २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, ती अशा पुराव्याच्या आधारे. मुगगावसारख्या घटनांमध्ये नेमका हा दुसरा गट, म्हणजे निरोगी वा अन्य कारणांनी मेलेले पक्षी, अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहतो.

दृष्टिकोनाची मर्यादा

याचे मूळ केवळ साधनांच्या अभावात नाही. वन्य जीवाचा रोग महत्त्वाचा ठरतो तो माणसाला किंवा त्याच्या पशुधनाला धोका निर्माण झाल्यावर. २०२१ मध्ये कावळा हा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीनुसार उपद्रवी प्राणी होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची वगळण्यात आली. रोगाची वर्दी देणाऱ्या पक्ष्याला त्या वेळी कायद्यातच संरक्षण नव्हते, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

मानवी आरोग्याची चिंता रास्तच आहे. परंतु संसर्ग एकाच दिशेने जात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने मृत्युमुखी पडले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये बीडला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळ्यांमध्ये हाच रोग आढळला. चार वर्षांनी मराठवाड्यात पुन्हा कावळेच मेले. म्हणजे मुगगावच्या घटनेला अपवाद मानून सोडून देता येत नाही.

महाविद्यालयीन संशोधनाची जबाबदारी

महाविद्यालयांतील प्राणिशास्त्रीय लेखनात प्रजातींच्या याद्या विपुल आढळतात. त्यांचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'अमुक पक्षी आढळला' या विधानात त्याची संख्या, अवस्था आणि ऋतुमान यांची भर पडत नाही, तोवर ती यादी रोगाच्या अभ्यासाला उपयोगी पडत नाही. येथे एक आक्षेप संभवतो : महाविद्यालयांकडे सुरक्षित प्रयोगशाळा नाही आणि मृत पक्षी हाताळणे विद्यार्थ्यांसाठी धोक्याचे आहे. हा आक्षेप ग्राह्य आहे. मृत पक्ष्यास स्पर्श न करता पशुसंवर्धन व वन विभागास कळविणे हाच योग्य मार्ग होय. मात्र उणीव आहे ती प्रयोगशाळेपूर्वीच्या नोंदींची, आणि त्यासाठी वही, दुर्बीण व सातत्य पुरेसे आहे. माजलगाव आणि मांजरा जलाशयांवरील पक्ष्यांची दर हिवाळ्यातील गणना, कावळ्यांच्या रात्रथाऱ्यांची मोजणी, नायगाव परिसरातील मोरांची ठरावीक मार्गावरील नोंद आणि मृत्यू आढळल्यास शिवारातील फवारणी व पाणवठ्यांची माहिती, एवढे सलग दहा वर्षे झाले तरी तुलनेचा आधार निर्माण होईल. 'यंदा काहीही वेगळे आढळले नाही' ही नोंदही प्रसिद्धीयोग्य मानावी लागेल. नियतकालिकांनी नकारात्मक निष्कर्षांना स्थान दिल्याशिवाय हे घडणार नाही.

निष्कर्ष

मुगगावच्या कावळ्यांचे निदान झाले, परंतु त्यांच्या मृत्यूचा अभ्यास अपुराच राहिला. रोग ओळखणे हे प्रयोगशाळेचे काम असले, तरी रोगापूर्वीची स्थिती जाणणे हे स्थानिक अभ्यासकाचे काम आहे. भोपाळची संस्था ते बीडसाठी करू शकत नाही. पाटोद्यातील मोरांवर उद्या असे संकट आले, तर 'किती होते?' हा पहिला प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर संकटापूर्वीच लिहून ठेवलेले असावे लागते.