सदर आणि पटकथा

ख्वाजा अहमद अब्बास यांचे नाव निघाले, की परप्रांतातील आम्हां मराठी मंडळींच्या बैठकीत हटकून दोन तट पडतात. एका तटाच्या मते ते मूळचे पत्रकार. पटकथा हा त्यांचा जोडधंदा. दुसऱ्या तटाला ‘आवारा’पलीकडे काही दिसतच नाही. आम्हांला दोन्ही मते अपुरी वाटतात. अब्बासांच्या पटकथेचे बळ त्यांच्या पत्रकारितेतून आले आणि तिचे वैगुण्यही तेथूनच आले.

‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये ते चित्रपटांची परीक्षणे लिहीत. त्याच पत्रात सुरू झालेले त्यांचे ‘लास्ट पेज’ हे सदर पुढे ‘ब्लिट्झ’मध्ये गेले आणि १९८७ साली त्यांच्या निधनापर्यंत चालले. इतकी वर्षे सदर लिहिणाऱ्याच्या हाताला एक वळण पडते. घटना उचलावी, तिच्यातील अन्यायावर बोट ठेवावे आणि जागा संपण्यापूर्वी निकाल देऊन मोकळे व्हावे. बॉम्बे टॉकीजसाठी लिहिलेली त्यांची पहिली पटकथा, ‘नया संसार’ (१९४१), वृत्तपत्रसृष्टीवरच होती.

‘आवारा’त (१९५१) हे वळण फळाला आले. चोराचा मुलगा चोरच व्हायचा, हे न्यायाधीश रघुनाथाचे मत म्हणजे वस्तुतः अग्रलेखाचा विषय. परंतु ते खोडण्यासाठी लेखकाने युक्तिवाद केला नाही; न्यायाधीशाचाच मुलगा झोपडवस्तीत, चोराच्या हाताखाली वाढविला, त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि बापाची उलटतपासणी घडवून आणली. निकाल मोठ्याने सांगण्याची गरजच उरली नाही. येथे व्ही. पी. साठे यांचे नाव घेतलेच पाहिजे. ‘आवारा’, ‘श्री ४२०’, ‘बॉबी’ आणि सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरील व्ही. शांताराम यांचा चित्रपट, या साऱ्यांच्या लेखनात साठे अब्बासांचे सहकारी होते. मराठी रसिकांनाही याचा विसर पडावा, हे आम्हांला खटकते.

अब्बास स्वतः दिग्दर्शक झाले, की सदरलेखक वरचढ होतो. ‘शहर और सपना’ला (१९६३) राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, ते उचितच होते. घर न मिळालेले जोडपे प्रचंड नळात संसार मांडते, हे दृश्य बातमीदाराच्या नजरेलाच सापडावे! पण पात्रे बोलू लागली, की माणसे मागे सरतात आणि पक्ष पुढे येतात. ‘सात हिंदुस्थानी’त (१९६९) निरनिराळ्या प्रांतांतले सातजण गोव्याच्या मुक्तीसाठी एकत्र येतात. एका प्रांताच्या नटाला दुसऱ्या प्रांताचा माणूस करावयाचा, ही अब्बासांची कल्पना. बंगाली उत्पल दत्त तेथे पंजाबी झाले. बदलीच्या गावी परभाषेत दिवस काढणाऱ्या आमच्या वाचकांना तिच्यातील गंमत सहज उमगेल. तरीही ते सातजण प्रांतांचे प्रतिनिधीच राहिले, आणि आज तो चित्रपट बहुतेकांच्या स्मरणात आहे तो अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट म्हणून.