गर्दी कळव्यात, कारण शहापुरात

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. तेव्हाचं स्पष्टीकरण आठवतं ना? काही वयस्क होते, काही अखेरच्या अवस्थेत आले, काही दुसऱ्या दवाखान्यांनी शेवटच्या क्षणी पाठवले. आमच्या मते हे खोटं नव्हतं, अर्धवट होतं. रुग्ण उशिरा आला, तर मधले तास तो कुठे होता, हे कुणी विचारायचं?

शहापूरकडून बघू. समजा, डोळखांबच्या बाजूला भातलावणीत कुणाला साप चावला. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथे व्हेंटिलेटर चालवायला माणूस नसेल तर ‘पुढे न्या’. पुढे म्हणजे पन्नासेक किलोमीटरवर ठाणे. मुरबाडला तर रेल्वेही नाही, कल्याणपर्यंत रस्त्यानंच जायचं. त्यात ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी केलेली, कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात. म्हणजे सगळा लोंढा कळव्याच्या दारात.

खरी गोम पैशात आहे. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाचं, कळवा ठाणे महापालिकेचं. एका रुग्णाच्या वाटेवर तीन मालक! शहापुरात भूलतज्ज्ञाचं पद रिकामं राहिलं तर पगार राज्याचा वाचतो, खाट मात्र पालिकेची भरते. चिठ्ठी लिहून पाठवणाऱ्या यंत्रणेला त्या चिठ्ठीचा खर्च सोसावाच लागत नाही. (डॉक्टरला आम्ही दोष देत नाही; रात्री एकटा मेडिकल ऑफिसर काय काय करणार?) आमच्या करातून ग्रामीण भागाचं का भरायचं, असं ठाणेकर विचारतील. हिशेबाला धरून आहे ते. पण शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसाचं पाणी पिणाऱ्या महानगराच्या तोंडी जरा विचित्रच वाटतं.

बरं, मालक एक असला म्हणजे भागलं, असंही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. तिथे मालक राज्यच होतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना सांगितलं होतं, २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर लावा. महाराष्ट्र पाचाच्या आसपासच घुटमळतोय.

म्हणून ‘कळव्यात खाटा वाढवा’ एवढीच मागणी आम्हाला पुरेशी वाटत नाही. वाढवलेल्या खाटाही त्याच वाटेनं भरतील. त्याआधी पाठवणीच्या प्रत्येक चिठ्ठीवर खरं कारण लिहा: भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, सोनोग्राफी बंद. ‘पुढील उपचारांसाठी’ हे कारण नव्हे. आणि दर महिन्याची तालुकावार यादी जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवा. जिल्ह्याचा निधी तिथे वाटला जातो आणि अध्यक्षस्थानी पालकमंत्री असतात.