कुलूप-किल्लीची उपमा आणि मेंदूंतील एक ग्राही

शास्त्रीय विषयांवरील सुबोध लेखनांत उपमेवांचून चालत नाहीं. जें डोळ्यांना दिसत नाहीं तें परिचित वस्तूच्या आधारानें दाखविणें हें अशा लेखकाचें कर्तव्यच होय. तथापि आपल्या अलंकारशास्त्रानें उपमेला एक मर्यादा घालून दिली आहे : तींत साधर्म्य हवें, तसा भेदही शिल्लक राहिला पाहिजे. भेद पुसला गेला कीं उपमेचें रूपक होतें. काव्यांत तो गुण ठरेल. शास्त्रीय लेखनांत मात्र त्यापासून अनर्थ संभवतो. मेंदूविषयींच्या लोकप्रिय लेखनांत सर्रास आढळणारी कुलूप-किल्लीची उपमा आम्ही या कसोटीस लावूं इच्छितों.

ही उपमा मूळची एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. १८९४ सालीं त्यानें ती शर्करायुक्त पदार्थ व त्यांचें विघटन करणारीं विकरें यांच्या संबंधांत योजिली. पुढें ती मेंदूंतील पेशींनाही लावली गेली. एका मज्जापेशीनें सोडलेलें द्रव्य ही किल्ली, दुसरीच्या पृष्ठभागावरील ग्राही नांवाचें प्रथिन हें कुलूप. किल्ली बसली कीं दार उघडतें, विद्युद्भारित कण आंत शिरतात आणि पेशी चेतते. चित्र सुबक आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं खरेंही आहे. हिप्पोकॅम्पसमधील कायनेट ग्राहीपाशीं मात्र तें अपुरें पडतें.

हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी तयार होण्यास अवश्य असा मेंदूचा भाग. आरांत्सी या इटालियन शारीरशास्त्रज्ञानें १५८७ सालीं त्याला समुद्रघोड्याचें नांव दिलें. योगायोग असा कीं, या ग्राहीचें नांवही समुद्रांतूनच आलें आहे. १९५३ सालीं जपानांत एका तांबड्या समुद्रशैवालापासून कायनिक आम्ल वेगळें करण्यांत आलें. तें शैवाल तेथें जंतांवरील औषध म्हणून प्रसिद्ध होतें. मेंदूंतील स्वाभाविक किल्ली म्हणजे ग्लुटामेट. कायनिक आम्ल हें परकें. म्हणजे कुलपाला नांव मिळालें तें चोरकिल्लीवरून!

अशी चोरकिल्ली किती घातक, याचा दाखला १९८७ च्या अखेरीस कॅनडांत मिळाला. प्रिन्स एडवर्ड बेटाकडील शिंपल्यांचें मांस खाऊन शंभरांहून अधिक माणसें आजारी पडलीं. कायनिक आम्लाचें जवळचें भावंड असें डोमोइक आम्ल त्यांत होतें. कांहीं जण दगावले. कांहीं वांचले, परंतु नवें लक्षांत ठेवण्याची त्यांची शक्ति गेली. मृतांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशी नष्ट झालेल्या आढळल्या.

येथवर उपमा निभावते. १९९७ सालीं हिप्पोकॅम्पसच्या सी-ए-३ विभागांत ग्लुटामेटमुळें या ग्राहींतून वाहणारा प्रवाह स्पष्ट दाखविला गेला. तो दुबळा आणि रेंगाळणारा निघाला. हीं झालीं संदेश घेणाऱ्या पेशीवरचीं कुलपें. परंतु हेच ग्राही संदेश देणाऱ्या तंतूच्या टोकावरही असतात, आणि तेथें द्रव्य किती सोडावें याचें नियमन करितात : कायनेट अल्प असतां स्राव वाढतो, अधिक असतां घटतो. १९९८ सालीं रॉद्रिगेस-मोरेनो व लेर्मा यांनीं याहून विलक्षण गोष्ट पुढें आणिली. पेशींना आवर घालणारें जें गाबा नांवाचें द्रव्य, त्याचा स्राव हे ग्राही घटवितात. तेंही दार उघडून नव्हे, तर पेशींतील दुसऱ्या प्रथिनांकरवीं निरोप धाडून. कुलूप कधीं निरोप धाडतें काय?

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. कायनिक आम्ल टोचून उंदरांत अपस्माराचे झटके उत्पन्न करितात, व त्यांवरून मनुष्याच्या रोगाचा अभ्यास चालतो. उपमा अक्षरशः खरी मानणारा वाचक यावरून सहज अनुमान काढील कीं, कुलूप बंद केलें म्हणजे रोग हटला. ज्या घरांत अपस्माराचा रोगी आहे, तेथें अशी आशा फार महाग पडते. जो ग्राही एके ठिकाणीं स्राव वाढवितो व दुसरीकडे घटवितो, त्याला सरसकट बंद केल्याचें फळ एका वाक्यांत सांगतां येणार नाहीं.

उपमा टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या मतें कुलपापेक्षां पाटकरी येथें अधिक जुळेल : तो शेताच्या तोंडाशीं पाणी सोडतो, आणि वरच्या अंगाला निरोप धाडून पाणी कमीजास्तही करवितो. ही उपमाही कोठें तरी तुटेलच. तें ठिकाण वाचकास दाखवून देणें हें लेखकाचें काम आहे, आणि तें न करणाऱ्या सुबोध लेखनास आम्ही सुबोध म्हणावयास तयार नाहीं.